दुष्परिणाम ऐकून रुग्णाने गोळ्या सुरूच केल्या नाहीत

पत्राचा सारांश: पत्रलेखिका काही वर्षांपासून औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहेत. साठीच्या घरातील एका गृहस्थांना रक्तदाबासाठी ॲम्लोडिपीन आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन ही औषधे पहिल्यांदाच लिहून दिली होती. पत्रलेखिकेने गोळ्या केव्हा घ्यायच्या ते सांगितले आणि माहितीपत्रकातील दुष्परिणामही एकामागून एक वाचून दाखवले. गृहस्थांनी मान डोलावली आणि ते निघून गेले. दीड महिन्याने झालेल्या तपासणीत त्यांचा रक्तदाब आधीपेक्षा वाढलेला आढळला. “मेडिकलमधल्या मॅडम म्हणाल्या, पाय सुजतात, स्नायू दुखतात, लिव्हरला त्रास होतो, म्हणून मी गोळ्या सुरूच केल्या नाहीत,” असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले. डॉक्टरांनी दुकानात फोन करून “माझ्या पेशंटना घाबरवू नका” असे सुनावले, आणि दुकानाच्या मालकांनीही “औषध द्यायचं, वेळ सांगायची, पुढचा पेशंट घ्यायचा” अशी सूचना दिली. तेव्हापासून पत्रलेखिका वेळेपलीकडे काही बोलत नाहीत. मात्र अलीकडेच एका बाईंनी चिठ्ठीवरच्या पॅरासिटामॉलबरोबर सर्दीच्या गोळ्याही मागून घेतल्या, त्यांतही पॅरासिटामॉल होते, आणि हे लक्षात येऊनही पत्रलेखिका गप्प राहिल्या. ते त्यांना सलत आहे. त्या विचारतात: “मी बोलावं की नाही? बोलायचं असेल तर सगळी माहिती छापून द्यावी आणि रुग्णाची सही घ्यावी, म्हणजे पुन्हा कोणी माझ्याकडे बोट दाखवणार नाही, हे बरोबर ठरेल का?”

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात दोन घटना आहेत. एकदा बोललात आणि नुकसान झाले. एकदा गप्प राहिलात आणि मन खात राहिले. या दोन्हींवरून तुम्ही एकच गोष्ट ठरवू पाहत आहात, ती म्हणजे किती बोलावे. मला वाटते, तुमची अडचण बोलण्याच्या प्रमाणाची नाही. दोन्ही वेळा समोरच्या माणसाकडून तुम्ही काहीच ऐकले नाही, आणि तुमच्या पत्रात हाच भाग पूर्णपणे कोरा आहे. त्या गृहस्थांना दिलेली माहिती तुम्ही तपशीलवार लिहिली आहे. ते काय म्हणाले, याबद्दल ‘मान डोलावली’ याहून अधिक एक शब्दही नाही.

आधी त्या गृहस्थांकडे पाहू. डॉक्टर म्हणतात की तुमच्या बोलण्यामुळे त्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत, मालकांनी ते मानले, आणि तुम्हीही ते स्वीकारून टाकले आहे. मी मात्र इतक्या लवकर ते स्वीकारणार नाही. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीही जाणवू देत नाही. कोलेस्टेरॉलचेही तसेच. कालपर्यंत स्वतःला धडधाकट समजणाऱ्या माणसाच्या हातात एके दिवशी दोन गोळ्या येतात आणि त्या बहुधा कायम घ्यायच्या आहेत असे त्याला कळते. त्या क्षणी त्याच्या मनात काय चालले असेल? आपल्याला खरेच आजार आहे का, एकदा गोळी सुरू झाली की ती कधीच सुटत नाही का, ओळखीतल्या कोणाला या गोळ्यांनी काही झाले होते का, दरमहा हा खर्च झेपेल का, असे कितीतरी. न घेण्याचा विचार दुकानात येण्यापूर्वीच अर्धा झालेला असू शकतो आणि तुमची यादी त्याला मिळालेले शेवटचे निमित्त असू शकते. शिवाय डॉक्टरांसमोर “मलाच घ्यायच्या नव्हत्या” म्हणण्यापेक्षा “त्यांनी असं सांगितलं” म्हणणे कोणालाही सोपे जाते. हे सगळे माझे तर्क आहेत, आणि तर्क करावे लागतात ते एवढ्याचसाठी की त्यांना कोणी विचारलेच नाही. तुम्ही नाही आणि बहुधा डॉक्टरांनीही नाही.

औषधे लिहून दिल्याप्रमाणे न घेणे ही काही तुमच्या दुकानात घडलेली विचित्र गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावर प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोंद आहे की विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांपैकी साधारण ५० टक्केच लोक ठरल्याप्रमाणे उपचार घेतात. उरलेल्या निम्म्यांना तुम्ही घाबरवलेले नाही.

तरीही डॉक्टरांचा राग निराधार नाही, आणि येथे मला तुमची बाजू सोडावी लागेल. दुष्परिणामाची अपेक्षाच कधीकधी त्रास निर्माण करते. याला नोसीबो परिणाम म्हणतात. स्टॅटिन गटाच्या गोळ्यांबद्दल, म्हणजे तुम्ही दिलेल्या ॲटोरव्हास्टॅटिनच्याच गटाबद्दल, इंग्लंडमध्ये झालेला सॅमसन नावाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून ज्यांनी स्टॅटिन सोडले होते अशा ६० जणांना वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच न देता रोज त्रासाची नोंद ठेवायला सांगितले होते. खऱ्या गोळीच्या काळात जेवढा जास्तीचा त्रास नोंदवला गेला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या काळातही नोंदवला गेला. मला त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. त्यांच्याच नोंदी त्यांना दाखवून समजावल्यानंतर सहा महिन्यांनी त्यांतील निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले होते. औषध तेच आणि माणसेही तीच होती. त्यांच्या अनुभवाबद्दल त्यांच्याशी कोणी तरी नीट बोलले होते, एवढाच फरक.

यातून ‘दुष्परिणाम सांगूच नयेत’ असा अर्थ कोणी काढू नये. ते जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि लपवलेला दुष्परिणाम पुढे जाणवला की औषधाबरोबर सांगणाऱ्यावरचाही विश्वास उडतो. नोसीबोचा त्रास खोटा असतो असेही नाही. दुखते तेव्हा ते खरेच दुखते, म्हणून “तुमच्या मनाचे खेळ आहेत” हे वाक्य काउंटरवर कधीही उच्चारू नका. प्रश्न आहे तो सांगण्याच्या पद्धतीचा. तुम्ही जे वाचून दाखवले ते माहितीपत्रक होते, आणि माहितीपत्रक उत्पादकाच्या कायदेशीर जबाबदारीतून तयार होते. त्यात हजारांतून एकाला झालेला त्रास आणि दहांतून एकाला होणारा त्रास एकाच टाइपात छापलेले असतात. ऐकणाऱ्याला त्यांतला फरक कळायला जागा नसते. युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार माहितीपत्रकात ‘सामान्यतः आढळणारा’ म्हणून नोंदवलेला दुष्परिणाम १०० पैकी १ ते १० जणांना होतो, आणि ‘अतिशय दुर्मीळ’ म्हणजे १०,००० पैकी एकापेक्षाही कमी जणांना. ‘सामान्य’ एवढेच ऐकणारा माणूस बहुधा स्वतःला त्या दहांत मोजतो, उरलेल्या नव्वदांत नाही.

म्हणून दुष्परिणाम सांगताना मी चार गोष्टी एकत्र सांगण्याचा आग्रह धरीन: काय होऊ शकते, साधारण किती जणांना होते, झाले तर काय करायचे, आणि एवढे असूनही हे औषध का दिले आहे. ॲम्लोडिपीनबद्दल सांगायचे तर असे: “ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे मेंदूवर आणि हृदयावर येणारा ताण कमी होतो. काही जणांच्या पायांना घोट्यांजवळ सूज येते. बहुतेकांना येत नाही. आलीच तर गोळी परस्पर बंद करू नका, मला किंवा डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, नाहीतर औषध बदलता येतं.” स्टॅटिनबद्दल: “थोडंफार अंग दुखलं तर आपण बोलू. पण कारण नसताना स्नायू खूप दुखायला लागले, अशक्तपणा आला, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.” तुमच्या यादीत पायाची सूज आणि यकृताचा त्रास शेजारी शेजारी उभे होते. येथे कशासाठी थांबून विचारायचे आणि कशासाठी धावायचे, हे वेगळे झाले. बोलायला एक मिनिटही लागत नाही.

पण हेही सांगण्यापूर्वी विचारायचे आहे. अमेरिकेतील मूलनिवासी जमातींसाठी चालणाऱ्या इंडियन हेल्थ सर्व्हिस या सरकारी आरोग्यसेवेतील फार्मासिस्टांनी यासाठी तीन साधे प्रश्न रूढ केले आणि पुढे ते अनेक देशांत शिकवले गेले. डॉक्टरांनी हे औषध कशासाठी आहे म्हणून सांगितले? ते कसे घ्यायला सांगितले? आणि त्यापासून काय अपेक्षा ठेवायला सांगितली? या प्रश्नांची खुबी अशी की रुग्णाला जे आधीच ठाऊक आहे ते पुन्हा सांगण्यात तुमचा वेळ जात नाही आणि जे चुकीचे ठाऊक आहे ते आपोआप वर येते. तुमच्या गृहस्थांना पहिलाच प्रश्न विचारला असता आणि ते म्हणाले असते, “प्रेशर थोडं वाढलंय म्हणे, पण मला तर काहीच होत नाही,” तर पुढचे सगळे संभाषण तुम्ही वेगळ्या दिशेने नेले असते. पायाची सूज दूर राहिली असती. काही होत नसतानाही गोळी का घ्यायची, यावर तुम्ही बोलला असता. माझ्या मते या तिन्हींच्या जोडीला चौथा प्रश्न हवा, आणि दीर्घकालीन औषधांसाठी तोच सर्वांत उपयोगी ठरतो: “हे औषध घेण्याबद्दल तुमच्या मनात काही शंका किंवा काळजी आहे का?” तो विचारल्यावर थोडे थांबा. उत्तर लगेच येत नाही, आणि ते येण्यापूर्वीच आपण दुसरे काही तरी बोलून टाकतो.

सांगून झाल्यावर “समजलं ना?” विचारायची आपली सवय मोडणे सर्वांत कठीण आहे. त्याला “हो” हेच उत्तर येते. ‘नाही’ म्हणणे म्हणजे मागे उभ्या असलेल्या चार लोकांसमोर अडाणी ठरणे, असे प्रत्येकाला वाटते, आणि शिकलेल्या माणसाला ते जास्त वाटते. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना औषधांच्या डब्यांवरील सूचना वाचायला दिल्या होत्या. ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्यात’ या अर्थाची सूचना वाचनकौशल्य कमी असलेल्या गटातील सुमारे ७१ टक्के लोकांनी बरोबर सांगितली. पण दिवसभरात एकूण किती गोळ्या घ्याल ते मोजून दाखवा म्हटल्यावर बरोबर मोजणारे जेमतेम ३५ टक्के निघाले. वाचता येणे, म्हणून दाखवता येणे आणि घरी जाऊन करता येणे यांत एवढे अंतर असते. म्हणून शेवटचा भार स्वतःवर घेऊन विचारा: “मी एका दमात बरंच बोलले. मी नीट सांगितलं का ते मला कळायला हवं; घरी गेल्यावर या गोळ्या कशा घ्याल ते एकदा मला सांगता का?” यात परीक्षा तुमची होते, रुग्णाची होत नाही, त्यामुळे तो मोकळेपणाने चुकू शकतो. इन्हेलर असेल तर तोंडी उत्तरावर न थांबता वापरून दाखवायला सांगा. मुलांचे पातळ औषध असेल तर मापाच्या झाकणावर किंवा सिरिंजवर कोणत्या रेघेपर्यंत घ्यायचे ते त्यांच्याच बोटाने दाखवायला लावा. घरातला चमचा हे माप नव्हे, हेही तिथेच सांगून टाका. आणि मेथोट्रेक्सेटसारखे आठवड्यातून एकदाच घ्यायचे औषध असेल तर ‘कोणत्या वारी’ हे रुग्णाच्या तोंडून ऐकल्याशिवाय पाकीट हातातून सोडू नका. ते चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत.

आता दुसरी घटना. पॅरासिटामॉलच्या बाबतीत तुम्ही गप्प राहिलात, त्याला मी सावधपणा म्हणणार नाही. निरोगी प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा जास्त, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घेऊ नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा त्याहूनही खाली येते. सर्दी, अंगदुखी आणि ताप यांच्या कितीतरी गोळ्यांत ते असते आणि पाकिटावरच्या मोठ्या नावावरून ते कळत नाही. त्या बाईंना हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. दोन्ही पाकिटे एका वेळी एका हातातून जाताना पाहणारी व्यक्ती तुम्हीच होतात. डॉक्टरांना सर्दीच्या गोळ्यांचा पत्ता नव्हता. मालकांची सूचना पाळायचीच म्हटली तरी येथे “या दोन्हींत एकच औषध आहे, दोन्ही एकत्र घेऊ नका” एवढे वाक्य त्या सूचनेतही बसते. दुष्परिणामांची यादी न वाचणे वेगळे आणि समोर दिसणारा धोका न सांगणे वेगळे. या दोघांना एकाच मापाने तोलल्यामुळे तुमची कोंडी झाली आहे. त्या बाईंचा नंबर नोंदीत असेल तर आजच फोन करा.

छापील कागद आणि सही याबद्दल माझे मत थोडे कडक आहे. छापील माहिती अवश्य द्या. दुकानात ऐकलेले बरेचसे घरी पोहोचेपर्यंत विसरले जाते आणि औषध घेताना ते पुन्हा पाहता आले तर बरे असते. मात्र कागद एका पानाचा असावा, अक्षर मोठे असावे, रुग्ण ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत असावा, आणि तो हातात देताना त्यातल्या दोन ओळींखाली तुम्ही पेनाने रेघ ओढलेली असावी. सही मात्र कशासाठी? ती घेतली की संभाषणाचा हेतूच बदलतो. रुग्णाला लगेच कळते की हा कागद आपल्यासाठी नाही, आपल्याविरुद्ध आहे. ज्या गृहस्थांनी तुमची यादी ऐकून गोळ्या बाजूला ठेवल्या, त्यांच्याकडून त्या यादीखाली सही घेतली असती तर ते कमी घाबरले असते का? ज्या देशात किंवा ज्या औषधासाठी नियमाने सही बंधनकारक आहे तेथे ती घ्यावीच लागेल. बाकीच्या ठिकाणी तुम्ही स्वतःसाठी एक छोटी नोंद ठेवावी, तारीख, काय सांगितले, रुग्णाने कोणती काळजी बोलून दाखवली. पुढच्या भेटीत ती तुमच्याच कामी येईल.

मालकांचा मुद्दा गर्दीचा आहे आणि तो खरा आहे. प्रत्येकाशी पाच मिनिटे बोलणे कोणालाच जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. वर्षानुवर्षे तेच औषध नेणाऱ्याला “मागच्या वेळेपासून काही बदल, काही त्रास?” एवढे विचारणे पुरते. तेवढ्यात तारीख मात्र पाहा. ३० दिवसांच्या गोळ्या नेणारा ५० दिवसांनी परत आला असेल तर त्याने तुम्हाला न बोलताच बरेच काही सांगितले आहे. पूर्ण संभाषण ठेवा ते पहिल्यांदाच सुरू होणाऱ्या औषधासाठी, डोस बदलला असेल त्यासाठी, दोन-तीन डॉक्टरांकडून औषधे येत असतील त्यांच्यासाठी, आणि गर्भवती, लहान मुले व बरीच औषधे एकत्र घेणारे वृद्ध यांच्यासाठी. दिवसभरात अशी माणसे मोजकीच असतात. त्यांच्याशी काउंटरच्या एका टोकाला, आवाज खाली आणून बोला. आपल्या आजाराचे नाव रांगेतल्या सगळ्यांनी ऐकावे असे कोणालाही वाटत नाही, आणि ज्याला लाज वाटते तो प्रश्न विचारत नाही. औषध न्यायला मुलगा किंवा शेजारी आला असेल तर त्याच्याकरवी निरोप पाठवून मोकळे होऊ नका. त्याला मोजके सांगा आणि प्रत्यक्ष औषध घेणाऱ्याशी फोनवर केव्हा बोलता येईल ते विचारून घ्या.

मालकांना पटवण्यासाठी तुम्हाला एक उदाहरण देता येईल. इंग्लंडमध्ये २०११ सालापासून नवीन औषधांसाठी एक सेवा चालते. रक्तदाब, दमा, मधुमेह अशा ठरावीक आजारांचे औषध पहिल्यांदा सुरू झाले की फार्मासिस्ट एक ते दोन आठवड्यांनी रुग्णाशी पुन्हा बोलतो आणि त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी आणखी एकदा. पहिल्या संभाषणात जे सुचत नाही ते औषध प्रत्यक्ष घ्यायला लागल्यावर सुचते, एवढीच त्यामागची कल्पना. त्याच्या मूल्यमापनात दहा आठवड्यांनी औषध नीट घेणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत सुमारे ६० टक्के होते, तर या सेवेत सुमारे ७० टक्के. तुमच्या गृहस्थांना दहाव्या दिवशी एक फोन गेला असता तर गोळ्या सुरूच झाल्या नाहीत हे दीड महिना अंधारात राहिले नसते. मालकांकडे सरसकट परवानगी मागू नका. फक्त नव्याने सुरू झालेल्या औषधांसाठी, दुपारच्या कमी गर्दीच्या वेळात, एक महिनाभर असे फोन करून पाहू द्या, एवढेच मागा. औषध बंद केलेला रुग्ण दुकानातही परत येत नाही, हे मालकांना वेगळे सांगायला नको.

डॉक्टरांशी मात्र तुम्ही स्वतः बोलले पाहिजे, आणि मालकांकरवी नव्हे. राग निवळल्यावर, त्यांच्या रुग्णांची वेळ नसताना, फोन करा. आपण बरोबर होतो हे सिद्ध करायला जाऊ नका. “त्या दिवशी मी यादी वाचून दाखवली, पण त्यांना काय वाटतं ते विचारलं नाही. यापुढे नवीन औषधाच्या वेळी मी असं असं बोलणार आहे. यात तुम्हाला काही बदल सुचवायचा आहे का?” असे म्हणून पाहा. त्यांनी रुग्णाला काय सांगितलेले असते तेही विचारा. रुग्णाचा विश्वास बहुतेक वेळा दोघांच्या सांगण्यातल्या फरकामुळे डळमळतो, दुष्परिणामांची माहिती त्यामानाने कमी हानी करते. डॉक्टरांनी ‘अगदी साधी गोळी आहे’ म्हणायचे आणि तुम्ही यकृताचे नाव काढायचे, की माणूस दोघांनाही सोडून तिसऱ्याचेच ऐकतो. डॉक्टर तरीही ‘काही सांगू नका’ म्हणाले तर तेवढ्यापुरते त्यांचे ऐकता येणार नाही, कारण औषध सुरक्षितपणे घेता यावे एवढी माहिती देणे हे तुमचे स्वतःचे काम आहे, त्यांनी तुमच्यावर सोपवलेले नाही. पण मला वाटते, ते तसे म्हणणार नाहीत. घाबरवू नका म्हणणारा माणूस माहितीच्या विरोधात असतोच असे नाही.

हे सदर वाचणाऱ्यांत काउंटरच्या अलीकडे उभे राहणारेच जास्त असणार, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. तुम्ही घेत असलेली सगळी औषधे, चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या, जीवनसत्त्वे आणि वनौषधी यांच्यासह, एका कागदावर किंवा फोनमध्ये लिहून ठेवा आणि फार्मासिस्टला दाखवा. हे औषध कशासाठी आहे, किती दिवस घ्यायचे, एखादा डोस राहिला तर काय करायचे, माझ्या बाकीच्या औषधांबरोबर चालेल का आणि कोणता त्रास झाला तर लगेच डॉक्टरांकडे जायचे, हे विचारल्याशिवाय निघू नका. विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. गोळ्या घेतल्या नसतील, मध्येच सोडल्या असतील, महाग पडत असतील, तर तेही सांगा. त्यावर बहुधा काही ना काही उपाय असतो, पण न घेतलेल्या गोळ्यांना डॉक्टर ‘लागू पडत नाहीत’ असे समजले तर डोस वाढतो किंवा आणखी एक औषध जोडले जाते. आणि एखादी गोळी सोडायचीच असेल तर आधी विचारा. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या एकाएकी बंद करणे हे त्या न घेण्यापेक्षाही धोक्याचे असते.

राहिले ते गृहस्थ. ते पुन्हा दुकानात आले तर, आणि नंबर असेल तर ते येण्याची वाट न पाहता, तुम्ही त्यांच्याशी बोलावे असे मला वाटते. माफीने सुरुवात करू नका आणि गोळ्यांनीही करू नका. “त्या दिवशी मी तुम्हाला बरंच काही वाचून दाखवलं, पण तुम्हाला काय वाटतंय ते विचारलंच नाही. ते आज ऐकायचं आहे,” एवढे म्हणा. त्यांनी पायाच्या सुजेबद्दल विचारले तर वर लिहिले तसे सांगा. ‘मला आजारच नाही’ म्हणाले तर वाद घालू नका. दुकानात रक्तदाब मोजण्याचे यंत्र असेल तर त्यांना पाच मिनिटे शांत बसवून मोजा आणि आकडा त्यांच्या हातात द्या. आकडा १८०/१२० च्या वर आला आणि त्याबरोबर छातीत दुखणे, धाप लागणे, बोलण्यात किंवा दिसण्यात फरक असे काही असेल तर बोलणे तिथेच थांबवून त्यांना तातडीने रुग्णालयात पाठवा. तसे काही नसेल आणि ते ‘विचार करून सांगतो’ म्हणाले तर त्यांना तो वेळ द्या, आज झालेले बोलणे डॉक्टरांना कळवले तर चालेल का ते विचारा, आणि पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी फोन करू हे ठरवूनच त्यांना जाऊ द्या.